अल्ताईचा श्वेतधर्म

दक्षिण सायबेरियात, जेथे रशिया, मंगोलिया, चीन आणि कझाकस्तान या चार देशांच्या सीमा एकमेकींच्या निकट येतात, तेथे अल्ताई नावाची पर्वतराजी उभी आहे. तिचे सर्वोच्च शिखर बेलुखा 4,506 मीटर उंच असून त्याच्या हिमनद्यांतून निघणारी कातुन नदी पुढे बिया नदीला मिळते आणि त्या दोघींच्या संगमातून ओब ही महानदी उत्तर ध्रुवसागराकडे वाहू लागते. या पर्वतांच्या कुशीत कान, उइमोन, कुराई, चुया अशी विस्तीर्ण तृणमय पठारे पसरलेली आहेत, आणि त्या पठारांवर घोडे, मेंढ्या व गुरे राखून राहणारे अल्ताई-किझी नावाचे तुर्कभाषी लोक शतकानुशतके वस्ती करून आहेत. या लोकांनी 1904 साली, म्हणजे आपल्याकडे लॉर्ड कर्झनचा अंमल चालू असताना, एक नवा धर्म उभा केला. ते त्याला आक जांग, म्हणजे श्वेतधर्म, म्हणतात. अभ्यासकांच्या ग्रंथांत तो बुर्खानधर्म या नावाने ओळखला जातो.

धर्माचा उगम सामान्यतः इतक्या दूरच्या भूतकाळात असतो की त्याची चिकित्सा करावी म्हटले तरी हाती केवळ कथा लागतात. श्वेतधर्माचे तसे नाही. त्याचा जन्म कोणत्या वर्षी, कोणत्या ऋतूत, कोणत्या खोऱ्यात आणि कोणाच्या मुखाने झाला हे पोलिसांच्या टिपणांत, ख्रिस्ती मिशनच्या अहवालांत आणि न्यायालयाच्या दप्तरात नोंदलेले आहे. याच कारणाने त्याच्या विरोधकांनी पहिल्या दिवसापासून त्याच्यावर एकच आरोप ठेवला: हा धर्म नव्हे, हा कोणीतरी रचलेला बनाव आहे. झारचे अंमलदार तसे म्हणाले, पाद्री तसे म्हणाले आणि पुढे सोव्हिएत राजवटही निराळ्या शब्दांत तेच म्हणाली. माझे मत असे आहे की तो रचलेला होता हे पूर्णतः खरे आहे, आणि त्यामुळे त्याच्या सत्यतेला तिळमात्रही बाध येत नाही.

त्यापूर्वीचा अल्ताईचा धर्म काय होता, हे प्रथम पाहिले पाहिजे. आकाशाच्या वरच्या थरांत उल्गेन नावाचा प्रकाशमान देव आणि पाताळात एर्लिक नावाचा मृत्यूचा अधिपती, अशा दोन टोकांच्या मध्ये मनुष्याचे जग वसलेले आहे, आणि या मधल्या जगात प्रत्येक पर्वताला, प्रत्येक नदीला, खिंडीला, झऱ्याला, अग्नीला आपापला एक स्वामी असतो, अशी त्यांची धारणा होती. या स्वामीला ते एझी म्हणतात, आणि साऱ्या अल्ताई भूमीचा जो एक महान स्वामी तो अल्ताईचा एझी. मनुष्य या भूमीवर पाहुणा म्हणून राहतो. शिकार करावयाची, लाकूड तोडावयाचे किंवा खिंड ओलांडावयाची तर धन्याची अनुज्ञा घेतली पाहिजे. या सर्व शक्तींशी बोलण्याचा अधिकार शामानाला. तो मोठ्या ढोलाच्या नादावर भावसमाधीत जाऊन ऊर्ध्वलोकी किंवा अधोलोकी प्रवास करी, आजाऱ्याचा हरवलेला आत्मा परत आणी, आणि देवाला काय हवे ते येऊन सांगे. देवाला बहुधा घोडा हवा असे. घोड्याचा बळी रक्ताचा थेंब भूमीवर न सांडता दिला जाई, त्याचे कातडे तिरप्या रोवलेल्या उंच खांबावर टांगले जाई, आणि शामान त्या घोड्याच्या आत्म्याला एकामागून एक आकाश ओलांडीत उल्गेनाच्या दारापर्यंत पोहोचवी. रशियन सेवेतील जर्मन पंडित विल्हेल्म राडलोफ याने एकोणिसाव्या शतकात या विधीचे जे सविस्तर वर्णन नोंदवले, ते आजही अभ्यासकांना आधारभूत आहे. पण ज्याच्याजवळ मोजके घोडे उरले आहेत त्या गरीब कुटुंबाला असा विधी किती जड जात असेल, याचा विचारही वाचकाने करावा.

आता त्या गरिबीचे मूळ. सतराव्या-अठराव्या शतकांत मध्य आशियात झुंगारांचे, म्हणजे ओइरात मंगोलांचे, बलाढ्य राज्य होते आणि अल्ताईचे लोक त्या राज्याचे प्रजाजन होते. 1755 पासूनच्या चार-पाच वर्षांत चीनच्या मांचू बादशहाने ते राज्य इतक्या निर्दयतेने नष्ट केले की तलवार, देवी आणि उपासमार यांतून फारच थोडे लोक वाचले; त्या प्रलयात अल्ताईच्या सरदारांनी, ज्यांना जैसान म्हणत, 1756 साली रशियाच्या सम्राज्ञीचे छत्र स्वीकारले. राज्य गेले, पण त्याची स्मृती गेली नाही. निरनिराळ्या झुंगार राजांच्या आठवणी लोककथांत वितळून त्यांतून ओइरोत खान नावाचा एक पुरुष निर्माण झाला: तो दूर निघून गेला आहे आणि एक दिवस आपल्या लोकांकडे परत येणार आहे.

रशियाच्या छत्राखाली पहिली काही दशके लोक तसे निर्वेध राहिले. परंतु अल्ताईची बहुतेक भूमी साम्राज्याच्या खजिन्याचीही नव्हती. ती झारची खासगी मालमत्ता होती, आणि तिचा कारभार 'कॅबिनेट' नावाचे खाते पाहत असे. 1830 साली तेथे ऑर्थोडॉक्स चर्चचे अल्ताई मिशन स्थापन झाले. मिशनने शाळा काढल्या, अल्ताई भाषेला लिपी दिली, तिचे व्याकरण सिद्ध केले. हे ऋण नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण जो बाप्तिस्मा घेई त्याला करांत सवलत व स्थिर वस्तीसाठी जमीन मिळे, आणि जो घेत नसे त्याची कुरणे नव्या गावांसाठी मोकळी करून घेतली जात, हेही तितकेच खरे. मध्य रशियातून जमिनीच्या शोधात निघालेले शेतकरी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोंढ्यांनी येऊ लागले, सायबेरियाच्या लोहमार्गाने त्या लोंढ्याचा पूर केला, आणि अखेर 1899 साली सरकारने अल्ताईच्या जमिनीची मोजणी करून प्रत्येक पुरुषामागे ठरावीक क्षेत्र नेमून देण्याचा कायदा केला. ऋतूप्रमाणे कळप घेऊन वरच्या कुरणांत जाणाऱ्या आणि हिवाळ्यात खाली उतरणाऱ्या लोकांना चौकोनी तुकडा नेमून देणे म्हणजे त्यांच्या वहिवाटीलाच सुरुंग लावणे होते. परंपरागत जैसानांचे अधिकारही याच सुमारास काढून घेण्यात आले. अशा वेळी 1904 च्या प्रारंभी बातमी आली की झारचे जपानशी युद्ध जुंपले आहे, आणि ज्याला आजवर अजिंक्य मानले त्याचा पराभव होत आहे.

त्याच वर्षीच्या वसंतात, कान पठाराच्या परिसरात, किर्लिक गावाजवळ मेंढ्या राखणाऱ्या चुगुल नावाच्या बारा-चौदा वर्षांच्या मुलीला दर्शन झाले. ती चेत चेल्पान नावाच्या गरीब पशुपालकाची मानलेली मुलगी होती. शुभ्र वस्त्रे ल्यालेला एक स्वार शुभ्र घोड्यावरून आला. त्याची भाषा तिला अपरिचित होती, तेव्हा त्याच्याबरोबरच्या दोघा स्वारांनी त्याच्या बोलण्याचा अर्थ तिला सांगितला. ओइरोत खान लवकरच परतणार आहे, तोवर लोकांनी आपले आचरण शुद्ध करावे, असा तो संदेश होता. चुगुल सांगे आणि चेत ते लोकांना समजावून देई. हा हा म्हणता खोऱ्याखोऱ्यांतून माणसे तेरेंग नावाच्या दरीत जमू लागली आणि आठवड्या-दोन आठवड्यांत त्यांची संख्या हजारांवर गेली.

त्या संदेशातील आज्ञा वाचताना मन खिळून राहते, कारण त्यांत एका समाजाची सारी व्यथा आणि सारी आशा दैनंदिन आचाराच्या रूपाने उतरली आहे. शामानांचे ढोल जाळून टाका, कारण ते ईश्वराकडून नव्हे, एर्लिककडून आलेले आहेत. पशूंचा बळी देऊ नका, त्यांचे रक्त खाऊ नका. तंबाखू ओढू नका. राहवतच नसेल तर तिच्यात भूर्जाची साल मिसळा. मद्याऐवजी दुधाचे सिंचन करा, सकाळ-संध्याकाळ, वर आकाशाकडे आणि चारही दिशांना. घरापाशी चार भूर्जवृक्ष रोवा, आणि आर्चिन, म्हणजे पर्वतावर उगवणारे हपुषेच्या जातीचे सुगंधी झुडूप, त्याची धुनी पेटती ठेवा. हिरवी झाडे तोडू नका. घरात मांजर येऊ देऊ नका. ख्रिस्ती झालेल्यांबरोबर एका भांड्यातून जेवू नका, रशियनांशी मैत्री करू नका. सूर्य आणि चंद्र आमचे बंधू आहेत. या शेवटच्या वचनाशेजारीच भोजनव्यवहार तोडण्याची कठोर आज्ञा असावी याचे प्रथम आश्चर्य वाटते. पण ज्या समाजाचे पायांखालचे गवतही गेले आहे त्याला आपण कोणाचे आणि कोण आपले हे नव्याने ठरवावे लागते, आणि त्या निश्चयात प्रेम व बहिष्कार एकाच श्वासात उच्चारले जातात.

या उत्साहाची एक काळी बाजू होती आणि ती झाकून ठेवण्याचे प्रयोजन नाही. ढोल केवळ स्वेच्छेने जळाले असे नव्हे. अनेक शामानांचे ढोल हिसकावून घेतले गेले, त्यांना मारहाण झाली, काहींना आपला मुलूख सोडावा लागला. ज्यांच्या मुखाने ते लोक पिढ्यान्‌पिढ्या पर्वतांशी बोलत आले होते त्यांच्याच मुखावर हात ठेवला गेला, आणि नवा धर्म कितीही कोमल असला तरी त्याच्या आरंभीचा हा अन्याय त्याच्या खात्यावर मांडलाच पाहिजे.

तेरेंगच्या दरीत जमलेले लोक प्रार्थनेखेरीज काही करीत नव्हते. तरीही मिशनला हा बौद्ध लामांचा कट वाटला, अंमलदारांना जपानी हेरांचा हात दिसला, आणि नव्याने वसलेल्या शेतकऱ्यांना वाटले की आता आपल्यावर हल्ला होणार. जून महिन्याच्या उत्तरार्धात पोलिसांनी, सुमारे हजार रशियन शेतकरी व बाप्तिस्मा घेतलेले स्थानिक लोक बरोबर घेऊन, त्या दरीला वेढा घातला. जमलेल्यांनी प्रतिकार केला नाही. तरी त्यांना लाठ्यांनी झोडपले गेले. चेत, चुगुल आणि त्यांचे काही साथीदार यांना अटक झाली. आणि घरे, गुरे, चीजवस्तू यांची सर्रास लूट झाली.

पुढे जे घडले ते झारच्या रशियात दुर्मिळ होते. बियस्क येथे खटला उभा राहिला तेव्हा राजधानीतील उदारमतवादी वकील आरोपींच्या बचावासाठी धावून आले, आणि सायबेरियात राजकीय हद्दपारी भोगलेला व पुढे नामांकित मानववंशशास्त्रज्ञ झालेला दिमित्री क्लेमेंत्स तज्ज्ञ म्हणून न्यायालयासमोर उभा राहिला. त्याने प्रतिपादन केले की हे राजद्रोहाचे प्रकरण नसून एका समाजाच्या धर्मजीवनात घडलेले परिवर्तन आहे. 1906 साली न्यायालयाने निवाडा दिला आणि आरोपी निर्दोष सुटले. ज्यांनी लूट केली त्यांच्यावरही खटला चालायला हवा होता.

मग हा धर्म आला कोठून? बुर्खान हे नाव मंगोलांत बुद्धाला देतात. चुया पठारापलीकडे मंगोलिया सुरू होतो, आणि तेथील लामांचा प्रभाव रक्तबळीच्या निषेधात व धूपदीपात स्पष्ट दिसतो. ओइरोत खान झुंगारांच्या इतिहासातून आला. आज्ञांची यादी, एक ईश्वर आणि त्याच्या विरुद्ध उभा असलेला दुष्टाचा राजा ही मांडणी, यांत ज्या मिशनचा धिक्कार केला त्याच मिशनच्या शिकवणीचे पडसाद आहेत. आणि या सर्वांच्या तळाशी अल्ताईचा एझी, पर्वत, झरे, अग्नी आणि आकाश हे सारे जसेच्या तसे राहिले. ए. जी. दानिलिन या संशोधकाने 1930 च्या सुमारास या विषयावर जो ग्रंथ लिहिला तो छापून निघण्यास 1993 साल उजाडावे लागले, आणि तेव्हापासून श्वेतधर्म हा बौद्ध धर्माचा फाटा, शामान धर्माची सुधारणा की राष्ट्रीय चळवळ, या प्रश्नावर वाद चालूच आहे. मला स्वतःला त्या लोकांनी काय घेतले यापेक्षा काय टाकले नाही हे अधिक महत्त्वाचे वाटते. ढोल गेले, बळी गेले, मद्य गेले, मध्यस्थ गेले. भूमीचा धनी मात्र जागचा हलला नाही.

भारतीय वाचकाला येथे बिरसा मुंडाचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. छोटानागपुरात, याच्या अवघी नऊ वर्षे आधी, मिशनच्या शाळेत शिकलेल्या त्या तरुणाने आपल्या लोकांना बोंगा नावाच्या देवतांपुढचे बळी व मद्य सोडून एका ईश्वराला भजण्यास सांगितले, आणि तेथेही मुळाशी हिरावलेल्या जमिनीचे दुःख होते. बिरसाच्या चळवळीने पुढे शस्त्र उचलले आणि 1900 साली रांचीच्या तुरुंगात त्याचा अंत झाला. अल्ताईच्या लोकांनी शस्त्र उचलले नाही. एकमेकांचे नावही ऐकले नसता दोन समाजांनी संकटकाळी इतके सारखे उत्तर शोधावे, हे मानवी मनाच्या अभ्यासकाला विचार करायला लावणारे आहे.

खटल्यानंतर श्वेतधर्म फोफावला आणि त्याचे पूजाविधी स्थिरावले. शामानाची जागा यार्लिकची नावाच्या उपासकाने घेतली. त्याला ढोल नाही, भावसमाधी नाही, तो केवळ स्तवने म्हणतो आणि शुभ्र दुधाचे सिंचन करतो. डोंगरउतारावर सपाट दगड रचून तागिल नावाच्या वेदी उभारल्या जातात. त्यांवर दही, चीज, लोणी यांचे नैवेद्य, क्वचित चीजमध्ये कोरलेल्या पर्वतांच्या व प्राण्यांच्या लहान आकृती मांडतात, आणि भोवतीच्या भूर्जांना पांढऱ्या, पिवळ्या, निळ्या कापडाच्या पट्ट्या बांधतात. वर्षातून दोनदा सामुदायिक पूजा होते: वसंतात हिरव्या पानांची आणि शरदात पिवळ्या पानांची. पहिलीत येणाऱ्या उन्हाळ्यासाठी मागणे, दुसरीत सरलेल्या उन्हाळ्याबद्दल कृतज्ञता. पूजेची वेळ चंद्राच्या शुक्लपक्षात धरतात. आर्जान म्हणतात त्या पवित्र झऱ्यांवर जातानाही हाच नियम आहे. ज्याच्या घरी नुकताच मृत्यू झाला आहे त्याने जाऊ नये, झऱ्यापाशी मोठ्याने बोलू नये, आणि पट्टी बांधताना स्वतःपुरते न मागता आप्तांसाठी व भूमीसाठी मागावे. घरातील अग्नीला रोज सकाळी दुधाचा वा चहाचा पहिला घोट मिळतो. एवढ्या साध्या कर्मांत धर्म सामावू शकतो याचा मला नितांत आदर वाटतो, कारण येथे उपासक आणि त्याचा देव यांच्यामध्ये ना दक्षिणा आहे, ना भय आहे.

याच काळात अल्ताईचा पहिला मोठा चित्रकार ग्रिगोरी चोरोस-गुरकिन याने 1907 साली आपले 'खान अल्ताई' हे प्रसिद्ध चित्र काढले, त्यात हिमशिखरांना राजाची प्रतिष्ठा दिली. क्रांतीच्या धामधुमीत हाच गुरकिन अल्ताईच्या स्वायत्ततेसाठी झटणाऱ्या संस्थेचा प्रमुख झाला. 1922 साली सोव्हिएत सरकारने जो स्वायत्त प्रांत स्थापन केला त्याला नाव दिले ओइरोत. ज्याच्या आगमनाची भाकिते केल्याबद्दल लोकांनी अठरा वर्षांपूर्वी मार खाल्ला होता, त्याचे नाव आता सरकारी शिक्क्यावर आले. ते फार काळ टिकले नाही. 1930 नंतर श्वेतधर्मावर जपानी हस्तक असल्याचा जुनाच आरोप नव्याने लादला गेला, यार्लिकची तुरुंगात गेले वा मारले गेले, 1937 साली गुरकिनला गोळी घालण्यात आली, आणि 1948 साली प्रांताच्या नावातून ओइरोत हा शब्दही काढून टाकण्यात आला.

त्यापूर्वीच, 1926 च्या उन्हाळ्यात, निकोलस रोरिक हे रशियन चित्रकार आपल्या मध्य आशियाच्या प्रवासात उइमोन खोऱ्यात राहून गेले होते. श्वेतधर्माचा देव जो श्वेत बुर्खान, त्याच्या कथेने ते भारावले, ओइरोताला त्यांनी बुर्खानाचा दूत म्हणून चित्रित केले, आणि त्या कथेत त्यांना मैत्रेय बुद्धाच्या प्रतीक्षेचाच सूर ऐकू आला. पुढे ते कुलू खोऱ्यातील नग्गर येथे स्थायिक झाले आणि 1947 च्या डिसेंबरात तेथेच निवर्तले. रोरिकांच्या चित्रांतून अल्ताईचे नाव भारतात आणि जगात पोहोचले हे खरे. पण अल्ताईच्या मेंढपाळाला जो धर्म आपल्या कुरणाशी बांधतो तो त्यांच्या चित्रांत फारसा दिसत नाही, तेथे शंभाला या बौद्ध कथांतील पुण्यभूमीचा प्रकाश अधिक आहे.

सोव्हिएत संघ विसर्जित होण्याच्या सुमारास अल्ताई हे रशियन संघराज्यातील एक प्रजासत्ताक बनले. त्याच्या सुमारे दोन लाख वस्तीत अल्ताई लोक एक तृतीयांशाच्या आसपास आहेत. काराकोल आणि उस्त-कान भागांत तागिल पुन्हा उभे राहिले आहेत. आपला धर्म बौद्ध म्हणवून घ्यावा की स्वतंत्र, यावर त्यांच्यातच मतभेद आहेत. भूमीचा धनी मात्र पुन्हा एकदा सार्वजनिक व्यवहारात उतरला आहे. 1993 साली नतालिया पोलोस्माक यांच्या उत्खननात उकोक पठारावर सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका स्त्रीचा, अंगावर गोंदवलेल्या प्राण्यांसह, बर्फात जतन झालेला देह सापडला आणि तो नोवोसिबिर्स्कला नेण्यात आला. 2003 च्या सप्टेंबरात चुया खोऱ्यात प्रचंड भूकंप होऊन बेल्तिर हे गाव उद्ध्वस्त झाले, तेव्हा अनेकांनी त्याचा संबंध त्या स्त्रीच्या विस्थापनाशी जोडला; शास्त्र अर्थातच तसे म्हणत नाही. 2012 साली तिचा देह गोर्नो-अल्ताइस्कच्या संग्रहालयात परत आणला गेला, पण तिला भूमीतच पुन्हा निजवावे ही मागणी कायम आहे. उकोक पठार 1998 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळात समाविष्ट आहे. 2006 साली सायबेरियातील नैसर्गिक वायू चीनला पोहोचवण्यासाठी याच पठारावरून नळमार्ग नेण्याची योजना जाहीर झाली आणि अल्ताईच्या लोकांनी, पर्वताच्या धन्याचा दाखला देत, तिला विरोध केला. तो नळमार्ग उकोकवरून अद्याप गेलेला नाही.